एल्वा नोस्केचा कार्बोरेटर

म्हातारा नोस्के वारला तेव्हा जमीन मुलाला, केल्विनला मिळाली आणि तीनशे मेंढ्या मुलीला, एल्वाला. त्यांचा वकील म्हणून मृत्युपत्र मीच वाचून दाखवले. दोघे भावंडे साठीच्या आसपासची, बिनलग्नाची, आणि एका घरात राहून कामापुरतेच बोलणारी.

आमच्या कोरड्या मॅली भागात जानेवारीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदांवर रोज फेरी मारावी लागते. एखादा नळ तुंबला तर दोन दिवसांत मेंढ्या मरतात. मधल्या वाळूच्या टेकड्यांवरून मोटरसायकलच जाते, आणि बुधवारी पहाटे नेमकी एल्वाची मोटरसायकल बंद पडली.

"मी रोज तुझ्या हौदांवर फिरणार नाही," केल्विन म्हणाला. "आज आणि उद्या भागवेन. शुक्रवारी तू स्वतः फेरी मारली नाहीस तर दुपारी ट्रक येईल आणि मेंढ्या बाजारात जातील. मेलेली जनावरं माझ्या जमिनीवर नकोत."

"गाडी मी दुरुस्त करते."

"तू? केक भाजणं नाही ते, एल्वा."

तिने जन्मात कधी कार्बोरेटर उघडला नव्हता. त्याच सकाळी तिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर केकच्या ट्रेमध्ये ठेवून उघडला आणि प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने मांडला. खालच्या वाटीत जुने पेट्रोल चिकट होऊन बसले होते. इंजिनात पेट्रोल मोजून सोडणारे पितळी जेट खिडकीसमोर धरले, तर त्याच्या केसाएवढ्या भोकातून उजेड दिसेना. आमच्याकडे फाटकापासून चष्म्यापर्यंत सगळे कुंपणाच्या तारेने दुरुस्त होते. एल्वाने तारेचा तुकडा भोकात घातला आणि उजेड दिसेपर्यंत फिरवला. केल्विन ओट्याशी चहा पीत बघत होता. त्याने आणखी एक बिस्किट उचलले आणि तो बाहेर गेला.

गुरुवारी सकाळी गाडी सुरू झाली, पण काळा धूर ओकत. तिसऱ्या हौदापाशी बंद पडली ती पडलीच. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात एल्वाने ती दोन किलोमीटर ढकलत आणली.

"पितळ मऊ असतं," केल्विन शेडच्या सावलीतून म्हणाला. "तारेनं भोक मोठं केलंस. आता ती नुसती पेट्रोल पिणार."

"तुला काल माहीत होतं."

"होतं की."

"नवीन जेट कुठे मिळेल?"

"ॲडलेडला. पुढच्या आठवड्यात येईल. ट्रक उद्या आहे."

राहिलेले हौद त्याने शब्दाप्रमाणे बघितले, आपल्या मोटरसायकलवरून. लहानपणापासूनच्या भांडणांना कंटाळून म्हाताऱ्याने दोघांना एकसारख्या गाड्या घेऊन दिल्या होत्या. दुपारी केल्विन मोटारीने गावात बोल्स, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायचा खेळ, खेळायला गेला, तेव्हा एल्वाने त्याच्या गाडीचा कार्बोरेटर काढला. आदल्या दिवशी जे करायला सकाळ गेली होती ते आता पाऊण तासात झाले. त्याचे जेट तिने आपल्या गाडीत बसवले, आपले त्याच्या.

शुक्रवारी ती नऊच्या नऊ हौद बघून परत आली, तेव्हा केल्विन अंगणात काळ्या धुरात उभा राहून गाडीला किक मारत होता.

"माझं जेट काढलंस."

"काढलं."

"चोरटी."

"सगळे हौद भरलेत. ट्रकवाल्याला फोन कर."

त्याने गाडी शेडच्या भिंतीला टेकवली. मग आत जाऊन त्याने फोन केला. ट्रक आला नाही. त्याच संध्याकाळी त्याने किटली आणि टोस्टर आपल्या खोलीत नेले.

मागच्या महिन्यात कुंपणाच्या कागदांवर दोघांच्या सह्या हव्या होत्या. एल्वाची मी स्वयंपाकघरात घेतली, केल्विनची त्याच्या खोलीच्या दारात.