पंख्यातला कापूस

घुंऽऽऽ... भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमधला तो आवाज मी तरुणपणी ऐकला, अजून कानातून गेलेला नाही. सरकी एकीकडे, रुई एकीकडे आणि मध्ये आम्ही, पापण्यांवर तंतू घेऊन. यंत्र झाडणं हे माझं काम.

आता म्हातारपणी मावला गावात पुतण्याच्या, सुधीरच्या, लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसतो. ब्रशनं पंखे झाडतो. काम तेच, यंत्र लहान झालं! गेम खेळणाऱ्यांचे पंखे सगळ्यात जास्त तुंबतात. तिथं तंतू साचतात, माझ्याकडे किस्से.

* * *

कापूस वेचणीच्या दिवसांत एक शेतकरी लॅपटॉप घेऊन आला. "पोट्टा गेम लावते, अन् हे तव्यासारखं तापते!"

उघडला, तर आत पांढरीशुभ्र रुई. घरात खोलीभर कापूस रचलेला, आणि पोरगा त्याच ढिगावर लॅपटॉप ठेवून खेळायचा. मऊ लागते म्हणून!

सुधीर त्या शेतकऱ्याला म्हणाला, "काका, याले दुरुस्तीले काऊन आणलं? जिनिंगले न्या!"

* * *

कॉलेजातली एक मुलगी विचारायला आली. "दादा, गेमसाठी लॅपटॉप घेऊ का?"

सुधीर नेहमीचं बोलला. "नको. डेस्कटॉप घे. तेवढ्याच पैशात जास्त ताकद, अन् तापत बी नाही."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "पण आई भांडे घासाले बोलावते, तवा डेस्कटॉप घेऊन पळू कशी?"

सुधीरनं लॅपटॉप दाखवायला काढले.

* * *

आमच्याकडे थंडी कडक. एका पोस्टमनचा लॅपटॉप फार तापायचा. झाडून, थंड करून दिला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको दुकानात हजर! "काय करून ठेवलं भाऊ? हे गेम खेळत, तवा मी लॅपटॉपच्या मागच्या बाजूले पाय ठेवून झोपो. रातभर पाय गार पडले न माहे!"

* * *

पंखा जोरात फिरला की मला डुलकी लागते. जिनिंगच्या अंगणात रुई उडत असते, उन्हात, आणि खाली काही पडतच नाही. मग सुधीर हाक मारतो, "मोठेबाबा, ब्रश पडला!"

* * *

वानखेडेबाबू तहसीलमध्ये क्लार्क. मुलगा पुण्याला. त्यानं बापाला न विचारता सरकारी नोकरी सोडली, तेव्हापासून अबोला. पण घरी मुलाचा जुना लॅपटॉप होता, त्यात जंगलात चालायचा एक गेम होता. बाबू तो शिकले. दर रविवारी दोघं नेटवरून त्या जंगलात सोबत चालायचे. तोच लॅपटॉप घेऊन बाबू दुकानात आले.

"बोलता का मंग?" मी विचारलं.

"माईक चालू असते. तो बी बोलत नाही, मी बी नाही. पण आता हे अर्ध्या तासात बंद पडते, बाबा. मंग तो एकटाच राह्यते तिथं."

"डेस्कटॉप घ्या," सुधीर म्हणाला.

"घरी नेट गच्चीवरच लागते. डेस्कटॉप गच्चीवर नेऊ?"

मी पंखा काढला. इतका हळू हात मी जिनिंगमध्येही चालवला नव्हता. तंतू काढले, सुधीरनं आतली चिप थंड ठेवणारी पेस्ट लावली. रविवारच होता. बाबूंनी मोबाईलच्या नेटवर गेम लावला.

पडद्यावर झाडं आली. झाडांतून एक माणूस आला आणि बाबूंच्या माणसाशेजारी चालू लागला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पंखा फिरतोय की नाही, कळत नव्हतं. इतकं शांत!

तेवढ्यात पडद्यावरचा तो माणूस थांबला. लॅपटॉपमधून आवाज आला.

"बाबा? आहा ना तुमी? पंख्याचा आवाज येऊन नाही राह्यला आज."

बाबूंनी आमच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"हाव रे. आहो मी."

उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर, भरल्या परातीसारखा धरून ते उठले. चार्जर टेबलावरच राहिला. पायऱ्या उतरले, आणि उन्हातून चालत गेले.