तांदळाच्या डब्यातला डबा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला यातलं निम्मं माहीत आहे. सासूबाईंना तेवढंच माहीत होतं, त्या गेल्या. उरलेलं निम्मं माझ्या एकटीचं.

मालाडला एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं झाली. दर शनिवारी नव्या आया माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना बाळाच्या पोटातल्या जंतूंची गोष्ट सांगते. आईच्या दुधात एक साखर असते, ती बाळाला पचतच नाही. मग असते कशाला? — ती बाळासाठी नाहीच, त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंसाठी आहे. एका तोंडाला पाजलं की आत कोट्यवधी तोंडं जेवतात. आणि त्या जंतूंचा मेंदूच्या वाढीशी संबंध आहे, हेही आता दिसू लागलंय. हे सगळं खरं आहे. आजही सांगते, उद्याही सांगेन.

खोटं होतं ते माझं शेवटचं वाक्य — ‘मी स्वतः सहा महिने फक्त अंगावरचंच पाजलं.’

मी दहा दिवस पाजलं. दूध येत होतं, भरपूर येत होतं. मला नको होतं. का? माझं शरीर मला परत हवं होतं, आणि नोकरीही. पार्ल्याच्या आमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पावडरीचा डबा आला आणि सासूबाईंनी तो तांदळाच्या मोठ्या डब्यात पुरला. ‘चार बायका येतात गं घरात,’ एवढंच म्हणाल्या. उष्टावणाला त्याच बायका मुलाचे गाल ओढत म्हणाल्या, काय बाळसं धरलंय! सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘आईचं दूध हो, दुसरं काय?’ मी मान डोलावली.

त्या डब्याची मला लाज नाही. स्पष्ट लिहिते — पुन्हा वेळ आली तर पुन्हा उघडेन. त्याची कबुली द्यायला मी बसलेलीच नाही.

मनीषाची द्यायची आहे.

मनीषा कोळीवाड्यातली, दवाखान्याजवळच्या मासळीबाजारात बसणारी. पहिलीच मुलगी, दीड महिन्याची. एका शनिवारी म्हणाली, ‘मॅडम, पोरीला पुरत नाय. दर दोन तासाला टोपली सोडून उठते मी, तरी लंगोट कोरडाच. आई बोलते डबा चालू कर. करू?’

कोरडा लंगोट — याचा अर्थ मला ठाऊक नव्हता? तिला उठवून शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडे न्यायचं, मुलीचं वजन करायचं. दहा पावलांचं काम. मी म्हणाले, ‘मला पुरलं, तुला कसं पुरत नाही? डबा उघडलास की जंतूंची वाट लागली म्हणून समज. पाजत राहा.’

बाकीच्या आया ऐकत होत्या. त्यांच्यासमोर मला माझं खोटं मोडता आलं नाही — नाही, असं नको. मोडायचं नव्हतं.

तिनं ऐकलं. मॅडम शिकलेल्या, त्यांनी स्वतः केलेलं. आठ दिवसांनी मुलगी आली ती मलूल, टाळू आत गेलेली, रडायचंही त्राण नव्हतं. उपाशी पोटात कुठले जंतू नि कसलं काय? ॲडमिट केली. वाचली. डॉक्टरांनी विचारलं, हिला वरचं दूध द्यायला कुणी अडवलं? मनीषा माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, ‘बाजारात बसते ही. वेळेवर पाजत नसणार.’

डॉक्टर तिला बोलले, खूप बोलले. मध्येच ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, तुम्हीच बोललात ना?’ मी मान खाली घालून फाइल लिहीत राहिले.

याला नऊ वर्षं झाली. कुणी म्हणेल, हेतू चांगला होता. नव्हता. कुणी माझ्या मुलाकडे बोट दाखवेल — डब्यावर वाढला आणि इंजिनिअर झाला की! म्हणून काय सिद्ध झालं? एका मुलावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मीच शिकवते. आणि पहिल्या महिन्यांतली उपासमार मेंदूला सोसत नाही, हेही मीच शिकवते. मनीषाची मुलगी आता चौथीत असेल. कशी आहे, मला माहीत नाही. मासे मी तेव्हापासून बोरिवलीहून आणते.

ते शेवटचं वाक्य त्यानंतर मी कधी बोलले नाही. त्यात मोठेपणा नाही, भीती होती.

फाइल दवाखान्याच्या कपाटात आहे. तिच्यात माझ्या अक्षरात लिहिलंय — ‘आई वेळेवर पाजत नाही.’ ती दर दोन तासाला टोपली सोडून उठत होती. तिनं मला आधीच सांगितलं होतं.