काठी गाडीलाच बांधलेली होती

या ग्रुपवरचे किस्से मी दोन वर्षांपासून वाचून राह्यलो. खरं सांगतो, निम्मे वाचून हसू येतं. अमावस्या, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... आमच्या घरात असलं काही चालत न्हाई. आजोबांनी दीक्षा घेतली तवाच देवदेवस्की, भूतखेत सगळं उंबऱ्याबाहेर काढलं. गावात कुणाला झपाटलं म्हणून लोक पळायला लागले की आमचे वडील म्हणायचे, त्याला आधी भाकर द्या आणि झोपू द्या, उतरल. मी आजही तेच म्हणतो. म्हणून हे लिहिताना माझी मलाच चीड येऊन राह्यली. आणि आधीच सांगून ठेवतो, लिंबू-नारळाचे उपाय कमेंटमध्ये टाकू नका.

मी केदारखेड्याचा, तालुका भोकरदन. मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, आम्ही झाडं कापायचं काम करतो. करत होतो. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडिलांच्या वेळेस कुऱ्हाड होती, आमच्या वेळेस पेट्रोलवरची मशीन आली. दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या तवा आम्हाला दम खायला फुरसत नव्हती. एकाची बाग जळते तवा दुसऱ्याची चूल पेटते, हे काही चांगलं न्हाई, पण आहे. मंग वाळलेल्या बागा संपल्या. राह्यली ती मोठी झाडं... बांधावरची, रस्त्याकडेची, दोन माणसांच्या कवेत न येणारी. आमची मशीन म्हणजे मोसंबी कापायची. चेन जिच्यावर फिरते ती तिची पट्टी मोठ्या खोडात अर्धी बी जात न्हाई. मोठी कामं बाहेरच्या टोळ्या घेऊन जायच्या आणि आम्ही ढिलप्या गोळा करायला.

जबरदस्त पॉवरची मशीन पाहिजे होती, आणि खिशात चौदा हजार. नवी घ्यायची म्हणलं तर त्याच्या चौपट. म्हणजे जुनीच. जालन्यात मस्तगडला रफिकभाई म्हणून मिस्त्री आहेत, मशिनी दुरुस्त करतात. त्यांनी मला जुनी मशीन कशी पाह्यची ते शिकवलं. सायलेन्सर खोलून मोबाईलच्या बॅटरीनं आत बघायचं, पिस्टनवर ओरखडे असले की उठून यायचं. आणि मुख्य गोष्ट, "ठंडी मशीन स्टार्ट करके देखो भाई, बाकी सब बातां हैं." मालकानं आपण यायच्या आधी चालू करून गरम केली असली, तर काहीतरी लपवून राह्यला.

दीड महिना हिंडलो. एक भोकरदनमध्ये पाह्यली, हात लावला तर तव्यावानी गरम. एकाच्या मशीनवर कंपनीचं स्टिकर होतं आणि आत सगळा माल दुसराच. एकानं फोटो टाकला, मी अंबडला पोहोचलो तवा म्हणे कालच विकली. जाण्यायेण्याचा पेट्रोलचा खर्चा धरला तर त्यात एक नवी चेन आली असती. दादा म्हणायचा, जल्दी करू नको, मिळल. तो कधीच जल्दी करायचा न्हाई.

शेवटी परतूरला एक गृहस्थ भेटले. साठीचे, आधी लाकडाच्या वखारीत होते, आता कंबर गेली म्हणून काम बंद. मशीन बाहेर काढली, मी हात लावला, गार. दुसऱ्या ओढीला चालू झाली. आवाज असा की समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन पाहून गेली. पिस्टन साफ. पट्टी आमच्या मशीनच्या दीडपट. त्यांनी अठरा सांगितले, मी खिसा सांगितला, ते "घेऊन जा" म्हणले. चौदा हजारातच. मी चहा पिऊन निघालो तवा मनात आलं होतं, इतक्या सहज कसं काय दिलं... पण हौसेपुढं अक्कल कुठं चालते.

आता आमची एक पद्धत सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई.

कुऱ्हाडीचं काम असताना एकमेकाला हाक मारता यायची. मशीन चालवणाऱ्याला काही ऐकू येत न्हाई, आणि नजर खोडावर, वर फांदी हलली तरी दिसत न्हाई. म्हणून दादानं काठीची युक्ती काढलेली. तो माझ्या मागं बांबूचा लांब कळक घेऊन उभा राहायचा, नजर शेंड्यावर. पाठीवर एक टोला म्हणजे थांब, आहे तिथं उभा राहा, हलू नको. दोन टोले म्हणजे मशीन सोड आणि पळ. हे आमच्या दोघांतच होतं, दुसऱ्या कुणाला सांगायचं कारण नव्हतं. बारा वर्षांत माझ्या पाठीला त्या कळकाची इतकी सवय झाली की मी टोला बसल्यावर विचार करतच नव्हतो, पाय आपोआप चालायचे.

काम असं असतं. ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूनं आधी पाचरीसारखा तुकडा काढायचा, त्याला आम्ही तोंड म्हणतो. मंग मागून कापायचं. तोंड पाडताना धोका नसतो, म्हणून तेवढ्या वेळात दादा पाणी प्यायचा, तंबाखू मळायचा, आरामात जाऊन गाडीला बांधलेली काठी सोडून आणायचा. जुन्या मशीनला मोठ्या झाडाचं तोंड पाडायला पाऊण तास लागायचा. मी मागच्या कापाला यायचो तवा दादा काठी घेऊन उभाच असायचा. मी कधी वळून पाह्यलं न्हाई. कशाला पाह्यचं?

नव्या मशीनचं पहिलं मोठं काम गावाजवळच्याच एका मळ्यात होतं. वाळलेला शिरस. चिंच न्हाई, पिंपळ न्हाई. शिरसावर भूत राहतं असं मी तरी कधी ऐकलं न्हाई. वेळ दुपारची, साडेअकराच्या सुमाराची, कडक ऊन. मोटरसायकल आम्ही उगवतीकडं विहिरीपाशी लावली होती. झाड पाडायचं होतं दक्षिणेला, मोकळ्या वावरात.

मशीननं लोण्यातून सुरी जावी तसं तोंड पाडलं. सात-आठ मिनिटं लागली असतील. मी खूश. दीड महिना वणवण केली त्याचं चीज झालं असं वाटलं. मागं आलो आणि काप सुरू केला. वळून पाह्यलं न्हाई.

पट्टी अर्ध्यापेक्षा जास्त आत गेली आणि पाठीवर टोले बसले. उजव्या खांद्याच्या खाली. दोन. कळकाचं पेर लागलं ते बी कळलं.

मी मशीन तशीच कापात सोडली आणि मागं पळालो. दहा पावलं गेलो असेल तोच वरून मांडीएवढी वाळकी फांदी आली आणि मी उभा होतो बराबर त्या जागी जमिनीत रुतली. मी वळलो, दादाला म्हणावं वाचवलंस बाबा... मागं कुणीच न्हाई.

दादा विहिरीच्या वाटेवर होता. झाडापासून वीसेक पावलांवर, माझ्याकडं पाठ. काठी आणायला चालला होता. त्याच्या हिशेबानं अजून पुष्कळ वेळ होता.

तोवर झाडानं कडाका दिला. काप एका बाजूला जास्त गेलेला, एका बाजूला लाकूड राह्यलेलं, त्यामुळं झाड दक्षिणेला जायच्या ऐवजी फिरलं आणि उगवतीकडं कललं. मी बोंबललो. "दादा पळ" म्हणून घसा फाटेपर्यंत बोंबललो. मशीन बंद पडली होती, त्याला ऐकू गेलं असणार. तो उभा राह्यला. चालता चालता थांबला आणि नुसता उभा राह्यला. दोन पावलं पुढं टाकली असती तरी झालं असतं.

झाडाखाली सापडलेला दादाचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जालन्याच्या दवाखान्यात आम्ही सव्वीस दिवस होतो.

तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला पहिलं हेच सांगितलं, मला दोन टोले बसले म्हणून मी पळालो. त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाह्यलं. मंग नातेवाईक आले, मळ्याचे मालक आले, गावातले आले, आणि दादानं सगळ्यांना सांगितलं, "मीच दिले टोले. याला पळवलं आणि मी चुकीच्या बाजूला गेलो." बारा वर्षं मशीनमागं उभा राह्यलेला जाणता माणूस, उलट्या बाजूला पळाला. लोक तोंडावर हळहळले आणि बाहेर जाऊन हसले. वय झालं म्हणे म्हाताऱ्याचं. दादा तवा एकोणपन्नासचा होता.

पण वहिनीला ते पटलं न्हाई. कारण त्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी आमची गाडी घरी आणून लावली, आणि काठी गाडीलाच बांधलेली होती. दादा सुतळीची दुहेरी गाठ मारतो, ती गाठ तशीच. वहिनीनं ती आपल्या हातानं सोडली. तिनं मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं आणि विचारलं, "काठी गाडीला होती. मंग टोले कुणी दिले?"

मी म्हणालो, मला न्हाई माहीत, पण बसले. ती म्हणाली, "तू पळाला. त्याला न सांगता पळाला. आणि तो तुझ्यासाठी खोटं बोलून राह्यला." तिनं आवाज बी चढवला न्हाई. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत न्हाई. एकाच अंगणात आमची दोन घरं. जी माझ्या लग्नाआधी मला जेवायला वाढायची ती बाई मी आलो की आत जाते.

आणि मी तिला दोष देत न्हाई, ते जास्त वाईट आहे. तिच्या जागी मी असतो तर मी बी हेच म्हणलो असतो. डॉक्टर म्हणले, फांदी तुटायचा आवाज तुमच्या कानानं न्हाई तरी अंगानं ओळखला असेल, शरीराला कळतं. असेल. पण शरीराला कळतं तर एकदम दोन टोले कसे, आणि पेर कसं लागतं?

मी परतूरला परत गेलो. खरं सांगतो, मी आशेनं गेल्तो. त्या गृहस्थानं म्हणावं की या मशीनवर कुणीतरी मेलंय, म्हणून स्वस्तात दिली. आयुष्यभर ज्याला हसलो तेच ऐकायला मी इतका लांब गेलो. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणले, "भाऊ, कुणी मेलं न्हाई. चार वर्षं माझ्याकडं होती, बोटाला चीर बी न्हाई गेली. कंबर दुखायची म्हणून विकली." पैसे परत देऊ का म्हणून बी विचारलं. चांगला माणूस निघाला, त्याचाच मला राग आला. एखादं भूत असतं तर निदान वहिनीला दाखवायला काहीतरी मिळालं असतं.

मशीनचं काय केलं, तर वापरून राह्यलो. दोन घरं चालवायची, दुसरी कुठून आणू? आता गल्लीतला एक माणूस रोजानं काठी घेऊन उभा राहतो. मी काप सुरू करायच्या आधी तीनदा वळून पाहतो. तसे टोले पुन्हा कधी बसले न्हाईत. मशीन बिलकुल चांगली आहे.

दादा आता घरी बसून चेनीला धार लावतो. आजूबाजूच्या गावांतून लोक चेनी आणून देतात. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्याच्या शेजारी बसलो होतो, वहिनी बाजाराला गेल्ती. जे दोन वर्षं विचारायची हिंमत झाली न्हाई ते विचारलं. म्हणलं दादा, माझा आवाज आला न्हाई का तुला?

"आला की," तो म्हणाला.

मंग जागचा का हलला न्हाई?

त्यानं चेनीचे चार-पाच दात घासले. कानस खाली ठेवली. "मला बी बसला पाठीत. एकच. म्हणून उभा राह्यलो."

त्यानं परत कानस उचलली. मी म्हणलं, वहिनीला सांगतो मी, तिला कळू दे की मी... त्यानं मधेच थांबवलं. म्हणाला, "न्हाई सांगायचं. तिला आत्ता तुझा राग आहे. राग करायला माणूस लागतो रे. हे सांगितलं तर तिच्याजवळ तेवढं बी राहायचं न्हाई."

काठी दोघांचीच, खुणा दोघांच्याच, आणि दोघांच्याही हातात काठी नव्हती. ज्यानं मला पळ म्हणलं त्यानंच माझ्या भावाला थांब म्हणलं, हे मानायचं तर कुणाला मानायचं? आणि न मानावं तर माझा दादा, ज्यानं लोकांचं हसणं मुकाट्यानं ऐकून घेतलं, तो माझ्यापाशी कशाला खोटं बोलल? की तिथं बी मला सावरायला खोटंच बोलला... हे मला ठरवता येत न्हाई. परत विचारायचं धाडस न्हाई.

वहिनी फोनवर असलं काही वाचत न्हाई, म्हणून इथं लिहिलं. मला उत्तर मिळालेलं न्हाई. काल संध्याकाळी मी लाकडं टाकायला अंगणात गेलो, ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली आणि आत गेली. मी लाकडं रचली आणि घरी आलो.