गावाचं मन मोजणारं ॲप

आमचे हे पलटणीतून निवृत्त होऊन आटपाडीजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा फंडाचे पैसे कुठे लावायचे ते ठरलेलंच होतं. आम्हाला मूलबाळ नाही. म्हातारपणी दवाखाना जवळ असावा म्हणून सांगलीत जागा घेऊन ठेवली होती, तिच्यावर दोन खोल्या बांधायच्या. एवढंच मागणं होतं माझं.

पण रिकामपण ह्यांना मानवलं नाही. फोनवर कुठूनसं एक ॲप आलं. लोक सोशल मीडियावर एखाद्या कंपनीबद्दल काय लिहितात ते त्यात टाकायचं. मग ते बरेवाईट शब्द मोजून लोकांचं मन सांगणार, आणि त्यावरून शेअर चढणार की पडणार तेही. हिरवं आलं की घ्यायचं, तांबडं आलं की विकायचं. ह्यांनी सौरपंपाच्या एका छोट्या कंपनीचा शेअर धरला आणि ॲपमध्ये मेसेज टाकले कुणाचे? तर गावच्या आणि भावकीच्या ग्रुपवरचे!

"आगं, पंप घेणार शेतकरी. मग मन कुणाचं बघायचं, मुंबईवाल्यांचं?" असं वर मलाच ऐकवायचे.

हे सकाळी ग्रुपवर कंपनीची बातमी टाकत आणि चहा होईतो खाली रांग लागे. 'एक नंबर', 'लय भारी', 'जय जवान', जोडलेले हात. ॲप हिरवंगार. शेअर घसरायला लागला तरी हिरवंच. लोकांचा विश्वास हाय, भाव मागनं येतोय, असं हे म्हणत. बांधकामाचे पैसे गेले, मग जागेवर कर्ज काढून आणखी शेअर घेतले. मी कडाकडा भांडले. भिंतीशी भांडले असते तर तिचा एखादा पोपडा तरी पडला असता.

शेवटी शेजारच्या भावजींना गाठलं. ग्रुपवर रोज पहिला 'लय भारी' त्यांचाच असे.

"भावजी, तुमी किती घेतलं ह्ये शेअर?"

"आवं वहिनी, आमाला त्यातलं काय कळतंय? दादा एवढं लिवत्यात, मग भारी म्हणायचं. गावचा फौजी माणूस, गप बसलं तर वाईट दिसतंय."

"आन् पंप?"

"पंप न्हाई घेतला कुणी."

भल्या माणसांनी मान राखला होता, आणि त्या मानापायी आमचं घर बुडालं. शिव्या तरी कुणाला घालायच्या? घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ताटातली भाकरी तशीच राहिली. हात धुऊन आले आणि म्हणाले, "म्हंजे ॲप बरूबर सांगत हुतं. लोकांचं मन चांगलंच हाय."

त्या दिवसापासून ह्यांच्याशी भांडायचीही माझी इच्छा मेली.

गेल्या महिन्यात कर्ज फेडायला सांगलीची जागा विकली. घेणारे हळदीचे व्यापारी, सभ्य गृहस्थ. सह्या झाल्यावर त्यांनी चहा मागवला आणि सहज विचारलं, "एवढी मोक्याची जागा, दवाखाना हाकेच्या अंतरावर. विकताय कशाला साहेब?"

हे खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, "लेकीचं लग्न काढलंय."

व्यापाऱ्यांना खरंच आनंद झाला. त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "जावई काय करतात, वहिनी?"

ह्यांनी मान वर केली नाही.

"फौजेत हायत," मी म्हणाले.