ओटीचा ढाळ

हेमांगी म्हात्रेला उरणजवळच्या त्या गावात कुणी नावाने ओळखत नाही. ती ‘दे हिकडं’. पंखा, मिक्सर, विहिरीवरचा पंप, काहीही बिघडलेलं घेऊन कुणी दारात उभं राहिलं की बाईच्या तोंडून पहिलं हेच निघतं, आणि पुढच्या क्षणी वस्तू तिच्या हातात असते. बाप मिठागरात राबला. पायांनी तुडवून जमीन अशी सपाट करायचा की पाणी कुठे बोटभरही कमीजास्त उभं राहू नये. लेक आयटीआयला जाऊन वायरमन झाली आणि चार वर्षांपूर्वी तिने घराच्या ओटीवर पोरांना रोबोट शिकवायला घेतले. बारा वर्षांपर्यंतचा छोटा गट, सोळापर्यंतचा मोठा.

शिकवणं कसलं! निम्मं काम हीच उरकायची. त्या सवयीने गेल्या वर्षी घात केला. जिल्ह्याच्या स्पर्धेत मोठ्या गटाच्या रोबोटची एक वायर सुटली आणि हिचा हात पिवळ्या पट्टीपलीकडे गेला. मोठ्या माणसाने हात लावला किंवा नुसती खूण केली तरी संघ बाद, हा नियम तिला तोंडपाठ होता, पण हात ऐकेल तर ना. संघ बाद झाला. त्या संघातला तिचा भाचा प्रणय तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याची ती शेवटची संधी होती. त्यानंतर तो ओटीवर फिरकला नाही.

आज मात्र तो अलिबागच्या स्पर्धेच्या हॉलमध्ये आत्याशेजारी उभा होता, तो धाकट्या बहिणीसाठी, प्राप्तीसाठी. छोट्या गटात ती होती आणि तिची मैत्रीण मैत्री. रोबोटने खोका ढकलत टेबलाच्या टोकाच्या चौकोनात न्यायचा. फेऱ्या दोन, त्यातली चांगली धरायची.

पहिल्या फेरीत रोबोट डावीकडे वळत वळत गेला आणि थेट कडेवर आपटला. गुण शून्य. मध्ये चार मिनिटं.

“चाक ढिलं झालं आसल,” म्हणत मैत्री स्क्रू पिळायला लागली. चाकाला काही झालं नव्हतं. हेमांगीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओटी! पावसाचं पाणी अंगणात उतरावं म्हणून ओटीला उजवीकडे ढाळ ठेवलेला. रोबोट तिकडे सरकतो म्हणून महिनाभरापूर्वी तिनेच पोरींना उजव्या चाकाचा वेग वाढवायला लावला होता. इथलं टेबल सपाट. मिठागरवाल्याची लेक, आणि ढाळ विसरली! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं तिला वाटलं.

तळहात जरा तिरपा करून दाखवला असता तरी प्राप्तीला कळलं असतं. हात उचललाही गेला. तेवढ्यात तिला दिसलं, प्रणय तिच्या हाताकडेच बघतोय. तिने दोन्ही हात काखेत गच्च दाबले.

दोन मिनिटं उरली. प्राप्तीने वळून आत्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी. हेमांगीने मान खाली घातली, आपल्या तोंडावरून पोरीला काही कळू नये म्हणून. इतकी निष्ठुर ती उभ्या जन्मात कुणाशी वागली नव्हती.

प्राप्तीने रागारागाने पाण्याची बाटली टेबलावर आडवी टाकली आणि सवयीने लगेच ती धरायला हात पुढे केला. ओटीवर बाटली ठेवली की अंगणात गडगडत जायचीच. ही जागची हलली नाही. प्राप्तीचा हात तसाच राहिला.

“मैत्री, सोड त्यो स्क्रू! ही बाटली गडगडत न्हाय बघ. आपली ओटी उताराची हाय गो! दोनी चाकांना सारखा वेग दे.”

मैत्रीने आकडा बदलला तेव्हा वीस सेकंद उरले होते. दुसऱ्या फेरीत रोबोट निघाला, मध्यावर एकदा अडखळला, आणि खोका चौकोनात जाऊन बसला. छोटा गट राज्याच्या फेरीला निवडला गेला.

बाहेर आल्यावर प्राप्ती तिला बिलगली. “आत्या, तुला कललं व्हतं ना?”

“व्हय.”

“मंग खाली कशाला बघत व्हतीस?”

रोबोटची पेटी घेऊन मागे उभा असलेला प्रणय हळूच म्हणाला, “त्या सालची वायर मी पन जोडली आसती, आत्या.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

“व्हय रं,” ती म्हणाली. “जोडली आसतीस.”

पेटी जड होती. घ्यायला तिचे हात पुढे झाले, ‘दे’ ओठांवर आलंही. मग तिने हात मागे घेतले.

“तूच आन ती,” म्हणाली, आणि त्याच्यापुढे चालू लागली.