मोतीरामबुवा आणि किसनराव पुन्हा एका सतरंजीवर

त्या सोमवारी सकाळी बैलांना कडबा टाकला, देवापुढे दिवा लावला आणि पिशवीत धोतर, भाकरी अन् ठेचा बांधून डोणगावच्या मोटार थांब्यावर जाऊन उभा राहिलो. अकरा वर्षांपूर्वी फुटलेली मोतीरामबुवांची भजनपार्टी जळगाव जामोदकडच्या एका यात्रेत पुन्हा बसणार होती.

बुवा पेटीवर एकच ओळ अर्धा अर्धा तास घोळवत आणि किसनरावांची खंजिरी तिच्याभोवती भोवऱ्यासारखी फिरे. ऐकताना मिटल्या डोळ्यांपुढे हिरवे-तांबडे रंग येत. तेव्हापासून मला खंजिरी शिकायची होती. पण गावात ती वाजवणारा एकच, गजानन शिंपी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पन्नाशीला आलेल्या, देवळाचा पंच म्हणवणाऱ्या माणसाने त्याच्यापुढे शिकायला कसं बसावं? लाजेने राहूनच गेलं.

मेहकर, खामगाव करत नांदुऱ्याला पोचायला दुपार होते. स्टेशनाबाहेर चहा बरा मिळतो. पुढच्या मोटारीत मागचं बाक टाळावं, कमरेचे हाल होतात. पूर्णा ओलांडली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. शेवटचे दोन कोस बैलगाडीने गेलो.

"इतक्या दुरून काऊन आले, भाऊ?" गाडीवानाने विचारलं. "दोघं पुन्हा भांडले म्हंजे?"

"भांडण होतं कशाचं?"

"पेटी मोठी का खंजिरी मोठी."

"मग मिटलं कसं?"

"म्हातारे झाले. आता भांडाले दम पुरत नाही."

मुक्काम देवळाच्या ओसरीत. कांबळं न्यावंच, डोंगराचा वारा बोचतो.

पहाटे काकड्याला दोघे बसले. धुक्याने खंजिरीचं कातडं सैल पडलं होतं. थाप मारली तर नुसतं थप्प. ते निखाऱ्यावर शेकायचं काम नेहमी शागीर्दाचं. किसनरावांनी मागे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. तेव्हा बुवांनी पेटी मिटली, खंजिरी उचलली आणि शेगडीवर धरून सावकाश फिरवू लागले. टिचकी मारून, कानाशी धरून त्यांनी ती परत दिली.

"अजून थोडी पाह्यजे," किसनराव म्हणाले.

"जळंन बे."

"जळू दे. माही हाय."

लोक हसले. बुवांनी पुन्हा शेकली.

मग भजन लागलं. किसनरावांची बोटं आता जाड झालीत. दोनदा ठेका सुटला. दोन्ही वेळा बुवांनी ओळ पहिल्यापासून धरली, जणू तसंच ठरलं होतं. उन्हं वर आली तेव्हा कुठे मिटल्या डोळ्यांपुढे ते रंग आले.

परतताना मोटारीत वाटत राहिलं, इतक्या लोकांदेखत ठेका चुकला, तरी किसनरावांचं काही कमी झालं नाही.

गावात उतरलो तो घरी न जाता गजाननच्या दुकानात गेलो. दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोरच विचारलं, "मले खंजिरी शिकवशील का?"

त्याने मशीन थांबवली. "थट्टा करता का, दादा?"

"नाही."

"शिकवताना मी रागावतो बरं."

"रागाव."

गुरुवारी देवळात, सगळ्या मंडळींपुढे, त्याच्या डाव्या हाताला बसलो आणि पहिली थाप मारली. चुकली.

"पुन्हा," गजानन म्हणाला.