काचघर

शंभू सणसवाडीतल्या एका कारखान्यात माळी होता. मूळचा वडगाव रासाईचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, ह्याच्या हातात पाण्याचा पाइप आला. पाच वर्षांत गेटजवळचं वाळकं माळरान त्यानं हिरवंगार केलं होतं.

कारखान्याला रोपं पुरवणाऱ्या नर्सरीवाल्यानं त्याला एकदा पुण्यातल्या एका मोठ्या बागेविषयी सांगितलं. तिथं काचेचं घर होतं. आत पावसाळी जंगलातली झाडं, माती नसताना लाकडावर वाढणारी फुलं. ते शंभूच्या डोक्यातून जाईना. पण रविवारीही पाणी द्यावं लागायचं. २००४ च्या जानेवारीत कशीबशी एका रविवारची सुट्टी मिळाली. बायको प्रगती, आई रतनबाई आणि सात वर्षांची पूनम, सगळ्यांना घेऊन तो निघाला.

शिरूरहून येणाऱ्या दोन एसट्या भरून आल्या, थांबल्याच नाहीत. तिसरीत उभं राहून गेले. रतनबाईंना वाटेत उलटी झाली. बागेत पोचायला बारा वाजले. दाराशी पहारेकरी म्हणाला, "डबा आत न्यायचा न्हाई." मग रस्त्याकडेला बसून भाकरी खाल्ली. आत गेल्या गेल्या पूनम झोपाळ्याला चिकटली. रतनबाई गवतावर आडव्या झाल्या.

"चला की, काचघर बघू," शंभू तिसऱ्यांदा म्हणाला.

प्रगती वैतागली. "कामावर झाडं, सुट्टीला बी झाडंच! जरा बसू द्या की."

चार वाजता तो एकटाच गेला. दाराला कुलूप होतं. पाटी होती : रविवारी बंद. काचेवर आतून बाष्प धरलेलं, हिरवे डाग तेवढे दिसत होते. आत एक माणूस पाणी मारत होता. शंभूनं काच वाजवली.

"दादा, पाचच मिनिटं. मी बी माळीच हाय. लई लांबून आलोय."

"आज न्हाई. मला बोलणी बसत्याल," आतून आवाज आला. पाइप घेऊन माणूस पलीकडं गेला.

तो झोपाळ्यापाशी परतल्यावर पूनमनं आइस्क्रीम मागितलं, तर शंभू तिच्यावर खेकसला. ती रडायला लागली. सणसवाडी येईपर्यंत ती मुसमुसत होती.

पुढच्याच बुधवारी त्यानं बिनपगारी रजा टाकली आणि घरी न सांगता पुणं गाठलं. काचघर उघडं होतं. आतल्या ओल्या उबेत तो तासभर फिरला. खोडाला लटकलेली जांभळी फुलं त्यानं अगदी जवळून पाहिली. मुळं हवेत लोंबत होती. नर्सरीवाला खोटं बोलला नव्हता.

संध्याकाळी त्यानं मोठ्या उमेदीनं सगळं सांगायला सुरुवात केली. प्रगतीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"म्हंजी एकटंच जाऊन आला? आमाला नेलं तवा दिवसभर तोंड पाडून बसला, पोरीला रडवली. आन् आज एकटं हिंडून आला व्हय?"

शंभूला फुलांविषयी अजून पुष्कळ सांगायचं होतं.